करंजखारची पाचशे डोकी

घरी कोणी नवा पाहुणा आला की माझी नात त्याला आधी सांगून टाकते, "आमचे आजोबा माणसं मोजायचे." पाहुणा हसतो. मीही हसतो, पण मनातून जरा खट्टू होतो. कोणी पूल बांधले, कोणी खटले जिंकले. मी ठाण्याच्या कचेरीत आकडेवारीच्या टेबलावर बसलो आणि उभ्या जिल्ह्याला विचारत राहिलो, नाव काय, वय काय, पोट कशावर चालतं? सरकारी पुस्तकात 'लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था' असं भारदस्त नावाचं एक प्रकरण असतं. लोक ते न वाचताच पानं उलटतात. त्यातल्या आकड्यांपायी माझे किती चपलांचे जोड झिजले ते माझं मला ठाऊक.

आकडा म्हटला की तो टेबलावर जन्मतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आकडा उंबऱ्यावर जन्मतो, आणि बहुतेक वेळा कुत्रं भुंकत असताना. एक्कावन्न सालच्या शिरगणतीची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. स्वराज्यातली ती पहिलीच मोजणी. त्याआधी काही महिने आम्ही घरोघर फिरून दारावर गेरूने आकडे घातले होते. एक चूल म्हणजे एक घर, हा हिशेब. भिंत एक असली आणि भावाभावांच्या चुली दोन असल्या तर आकडेही दोन. या नियमापायी मी किती घरांतली भांडणं चव्हाट्यावर आणली असतील देव जाणे. एका सासूबाईंनी तर मला दारातच सांगितलं, "चूल एकच लिहा. सून वेगळी शिजवते ते तिचं वेड आहे."

मग प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी. नाव, वय, लग्न, जन्मगाव, भाषा, आणि सर्वांत अवघड तो पोटाचा प्रश्न. माणूस स्वतःच्या कमाईवर जगतो, की थोडंफार कमावतो पण दुसऱ्याच्या आधाराने राहतो, की काहीच कमावत नाही? या तिन्हींपैकी एकात प्रत्येकाला बसवायचं. ऐकायला सोपं आहे. बसवून बघा.

मी राहायला कल्याणला. तिथे आमच्याच पेठेत मला पहिला धडा मिळाला. रेशनचे दिवस होते. शिरगणतीवाला म्हणजे रेशनवाल्याचा चुलतभाऊ अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे ज्या घरात सहा माणसं जेवायला बसलेली दिसत, तिथे नऊ नावं सांगितली जात. एका भात व्यापाऱ्याने आपली थोरली बहीण मोठ्या भक्तिभावाने लिहवून घेतली. मी विचारलं, "कुठे आहेत त्या?" तर म्हणाला, "आत आहे, पूजेला बसली आहे." मी तासभर थांबलो. पूजा काही संपेना. शेवटी शेजारच्या काकूंनी खिडकीतून सांगितलं, "अहो, ती गेली त्याला पाच वर्षं झाली. साखरेपुरती जिवंत आहे."

कल्याणच्या निर्वासित छावणीत वेगळाच अनुभव. तिथे एक वयस्क सिंधी गृहस्थ बराकीच्या दारात पापड वाळत घालत होते. उपजीविका विचारली तर म्हणाले, "जमीनदारी." मी पापडांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग म्हणाले, "अच्छा, लिखो पापड. लेकिन पहले क्या था, वो कहाँ लिखोगे?" तसा रकाना आमच्याकडे नव्हता. मी तसं सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातावर एक भाजलेला पापड ठेवला आणि म्हणाले, "कोई बात नहीं, आपके कागज़ में जगह कम है." त्यांचं हे वाक्य पुढे नोकरीभर मला पुरलं.

तर करंजखार. कोलशेतच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी, शंभरेक घरांचं गाव. माणसं आगरी, भाताची आणि मिठाची. तिथे नेमलेले शिक्षक ऐन वेळी विषमज्वराने पडले आणि ते गाव माझ्या गळ्यात आलं. फेब्रुवारी लागला होता. बांधाबांधाने चालत पोचलो तर अर्ध्या घरांना कुलपं. अंगणात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि वाळत टाकलेली जाळी. मला वाटलं गावात साथ आली.

गावचे पाटील खाटेवर बसले होते. सत्तरीचे, कानात भिकबाळी, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "साथ नाय साहेब, मीठ हाय. दिवाळी झाली का सगली मिठागराव जातान. खारीच्या त्या बाजूला. तिथंच झोपरी बांदतान. पावसाच्या तोंडाला घरा येतान."

आणि मग त्यांनी मला पाणी देण्याआधी खरं काम सांगितलं. करंजखारला शाळा नव्हती. सर्वांत जवळची शाळा ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढा कोणाला ओलांडू देत नसे. पाटील दोन वर्षं खेटे घालत होते. शेवटी एका अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं की नव्या शिरगणतीत पाचशे वस्ती निघाली तर शाळा, नाहीतर पुढच्या मोजणीपर्यंत नाव काढू नका.

"पुरची मोजनी कवा?" पाटलांनी विचारलं.

"दहा वर्षांनी."

"तवर मी नसेन. न आता जी पोरा हायेत ती मिठात गेलेली असतील," पाटील म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, बाजारभाव सांगावा तसं.

आता आमचा नियम सांगतो, म्हणजे पेच कळेल. मोजणी फेब्रुवारीत सुरू होऊन एक मार्चच्या सूर्योदयाला संपायची. या दिवसांत जो माणूस एकदा तरी आपल्या घरी येऊन गेला, तो घरचा. जो एकदाही आला नाही, तो जिथे सापडेल तिथला. म्हणजे मिठागरावरचे करंजखारचे लोक पलीकडच्या काठावरच्या गावात मोजले जाणार. आणि त्या गावाला शाळा आधीपासून होती.

मी पाटलांसमोर बसून घरवार यादी केली. कोणत्या घरात कोण, कोण हजर, कोण आगरावर म्हणजे मिठागरावर. वेळ वाचावा म्हणून गैरहजर माणसांच्या चिठ्ठ्याही तिथल्या तिथे लिहून ठेवल्या. माणूस आला की फक्त खात्री करायची. पाटील सांगत गेले, मी लिहीत गेलो. पुरुष आला की "मीठ" म्हणायचे. बाई आली की मी विचारायचो, "ही काय करते?" आणि पाटील हात झटकायचे, "बायको मानूस काय करनार? घरानच." मी लिहायचो, काही कमावत नाही. असं किती वेळा लिहिलं असेल! अक्षर माझं चांगलं होतं, हात पळत होता, आणि डोकं मात्र शाळेच्या आकड्यात अडकलेलं.

बेरीज केली. गावात हजर तीनशेच्या आत. आगरावरची सगळी धरली तरी चारशे शहाण्णव.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "चारच कमी?"

"चारच."

"मंग चार लिवा. माजा भाऊ लिवा. गेल्या साली गेला, पर गावचाच ना? त्याची बायको. तिचा बापूस. न माजी थोरली, लगीन होऊन भिवंरीला दिली ती."

खोटं कशाला बोलू, मी टाक दौतीत बुडवला होता. चार मेल्या-गेल्या माणसांनी जर शंभर पोरांना शाळा मिळत असेल तर पाप कसलं? पण मला कल्याणच्या व्यापाऱ्याची ती साखरेपुरती जिवंत असलेली बहीण आठवली. तिला मी खोडलं होतं, तेही मोठ्या तोऱ्यात. गरिबासाठी केलेलं खोटं आणि श्रीमंतासाठी केलेलं खोटं चिठ्ठीवर सारखंच दिसतं. मी टाक पुसून ठेवला. पाटील उठून आत गेले ते पाणी घेऊन बाहेर आलेच नाहीत. तहानलेलाच परत निघालो.

दुसऱ्या दिवशी होडीने मिठागरावर गेलो. तिथे काय मिळेल असं मला वाटत होतं कोण जाणे. बहुधा एवढंच, की चौघं विसरलेली माणसं सापडतील.

ज्यांनी मिठागर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचं पाणी उधाणाच्या भरतीला आत घ्यायचं, बांधांमधून खेळवत खेळवत लहान चौकोनी वाफ्यांत आणायचं, उन्हाने आटवायचं. पुरुष लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काठाला आणतात. तिथून ते टोपल्यांत भरून, डोक्यावरून, अरुंद बांधावरून चालत, मोठ्या राशीपर्यंत नेतात त्या बायका. दिवसभर. अनवाणी. पायांना खारामुळे भेगा, आणि भेगांत पुन्हा खार. मी बांधावर उभा राहिलो तेव्हा तीस-चाळीस बायका एकामागून एक जात होत्या. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि बगलेतल्या पिशवीत त्यांच्याच चिठ्ठ्या 'काही कमावत नाही' म्हणून पडून होत्या, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

त्यांच्यातली पुढची बाई टोपली रिकामी करून माझ्यासमोर उभी राहिली. चाळिशी ओलांडलेली, काटक, डोक्यावर कापडाची चुंबळ. ही फशीबाय. गावात नवऱ्यांना धाक पाटलांचा आणि पाटलांना धाक फशीबायचा, असं मला होडीवाल्याने सांगून ठेवलं होतं.

"तूच का रं मोजनीवाला? पाटलान्ला नाय बोललास तो?"

मी हो म्हटलं आणि विचारलं, "इथे करंजखारची माणसं एकंदर किती?"

ती एकदम मागे सरली. "मानसां मोजू नये. दिष्ट लागते. मीठ मोज, टोपल्या मोज."

"मग मी काम कसं करू?"

"नावां सांगते. नावां घ्याला हरकत नाय."

आणि ती बांधावर बसून एकेक नाव सांगत गेली, मी यादीवर खूण करत गेलो. एकही नाव यादीबाहेरचं निघेना. पाटलांची स्मरणशक्ती दांडगी होती. चारशे शहाण्णव म्हणजे चारशे शहाण्णव.

तेवढ्यात मूल रडलं. मी वळून पाहिलं. झोपड्यांच्या मागे बांबूंना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या होत्या. एक, दोन, तीन... मी मनातच मोजलं, बाईच्या भीतीने. अकरा.

"ही कोणाची?"

"आमचीच. यो माजे पोराचा," तिने एका झोळीला हात लावला. "म्हंजे पोरगी हाय. महिना झाला."

"नाव काय?"

"नाव नाय."

"अगं, महिना झाला ना?"

फशीबायने मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. हंगामात जन्मलेल्या मुलांचं बारसं करंजखारची माणसं आगरावर करत नाहीत. मीठ संपलं, गावी गेलं, की घरच्या उंबऱ्याच्या आत पाळणा बांधून नाव ठेवायचं. तोवर पोर नुसतं 'बाला'.

"इथं नाव ठेवला तं पोर आगराचा व्हतो," ती म्हणाली. "जल्मभर मीठच वाहतो. आमच्या आयांनी आमची नावां इथंच ठेवली व्हती. घाई केली. बग आता."

आणि तिने तळपाय उचलून मला दाखवला.

मी तो तळपाय पाहिला, मग त्या झोळ्या. आणि बांधावर ओरडलोच. नाव नाही म्हणून पाटलांनी ही पोरं सांगितली नव्हती! नाव नसलेलं माणूस त्यांच्या लेखी अजून गावात आलेलंच नव्हतं. सरकारच्या लेखी मात्र कालचं जन्मलेलं पोरही एक डोकं होतं. चारशे शहाण्णव आणि अकरा. पाचशे सात.

"पण फशीबाय, सगळ्यांना गावी यावं लागेल. पोरांसकट. एक दिवस तरी. एक मार्चच्या आत."

तिने खाडीच्या पाण्याकडे पाहिलं. मग बोटांच्या पेरांवर काही तरी मोजू लागली. माणसं नव्हे, तिथी. "आठमीला भांग हाय," ती म्हणाली.

अष्टमीच्या सुमाराला भरती दुबळी असते, तिला खाडीकाठचे लोक भांग म्हणतात. उधाणाचं पाणी तेव्हा आगरात चढत नाही, त्यामुळे पाणी घेण्याची घाई नसते. ती अष्टमी नेमकी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत होती. म्हणजे मोजणीच्या शेपटाला. चुकली तर चुकलीच.

राहिला मिठागराचा मुकादम. तो छत्री घेऊन राशीपाशी उभा होता. त्याला फशीबायने सांगितलं की अष्टमीला करंजखारची माणसं बारशाला घरी जाणार. तो म्हणाला, "भर हंगामात? डोकं फिरलंय? आभाळ आलं तर मीठ विरघळेल सगळं. पुरुषांना जाऊ दे पाहिजे तर, फळी मी दुसऱ्यांकडून ओढून घेईन. बायका हलायच्या नाहीत. मग मीठ वाहणार कोण?"

"तुजी बायको," फशीबाय म्हणाली.

मागच्या बायका खदखदा हसल्या, आणि मग एकेकीने टोपली खाली ठेवली. कोणी आरडाओरडा केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. पुरुष फळ्या ओढत होते, काठाला मीठ साचत होतं, आणि एक दाणा पुढे सरकत नव्हता. मुकादमाने पाऊण तास कळ काढली. मग छत्री मिटून म्हणाला, "एक दिवस. दुसऱ्या दिवशी उजाडता सगळ्या इथे."

अष्टमीला मी सकाळपासून करंजखारला गावदेवीच्या ओट्यावर चिठ्ठ्या मांडून बसलो होतो. सोबत दोन दौती. पाटील अंगणात येरझारा घालत होते. दहा वाजले, अकरा वाजले, होड्या दिसेनात. मुकादमाने शब्द फिरवला असेल तर? आणि पाटलांनी माझ्याशी बोलणंच सोडलं होतं, त्यामुळे चिंता वाटून घ्यायलाही कोणी नाही.

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी ओरडली, "आली!"

भांग असल्यामुळे पाणी उथळ. होड्या धक्क्यापर्यंत येईनात. दूर चिखलातच थांबल्या. पुरुष पोरांना खांद्यावर घेऊन उतरले. आणि त्यांच्या मागून बायका, लुगडी वर खोचून, गुडघाभर चिखलातून, एका रांगेत, डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन. मला कळेना, आज टोपल्या कशाला? जवळ आल्या तेव्हा दिसलं. धुऊन, आत जुनं लुगडं अंथरून, प्रत्येक टोपलीत एक बाळ. मिठाला जी चाल, तीच चाल. एकीचंही पोर जागं झालं नव्हतं.

मी सरकारी माणूस. पण डोळे भरून आले ते आले.

गावात चांगला पाळणा एकच, पाटलांचा. अकरा उंबऱ्यांत तो आळीपाळीने फिरला. गाणी, गूळ, घुगऱ्या, आणि पाळण्यामागून चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन फिरणारा मी. नाव कानात सांगितलं रे सांगितलं की मी लिहायचो. फशीबायच्या घरी आलो तर तिने मला थांबवलं. "दादा, शालंत शोभंल असा नाव सांग. आमची नावां फशी न बारकी. मास्तर हाक मारंल तं लाज नाय वाटली पायजे."

मी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं, सुमन. तिने दोनदा म्हणून पाहिलं, मग वाकून बाळाच्या कानात सांगितलं.

संध्याकाळी ओट्यावर बेरीज केली. पाचशे सात. पाटलांनी माझ्यापुढे तांब्या आणून ठेवला. त्या पहिल्या दिवशीचं पाणी आणि आजचं, दोन्ही मी प्यायलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. पण फशीबाय येऊन ओट्याच्या पायरीवर बसली. "माज्या कागदाव काय लिवलंस ते वाच."

मी चिठ्ठी काढली आणि वाचू लागलो. नाव, वय, लग्न झालेलं, भाषा मराठी. आणि पुढच्या ओळीवर माझी जीभ अडली.

"वाच ना."

"काही कमावत नाही. नवऱ्यावर अवलंबून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "तू तं आलवता ना आगराव? बगलास ना?"

बघितलं होतं. पाऊण तास आख्खं मिठागर बायकांवाचून थांबलेलं बघितलं होतं. मी ती चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. मीठ वाहणे, स्वतःच्या कमाईवर. ती मोठ्याने वाचून दाखवली. तिने मान डोलावली आणि विचारलं, "न बाकीच्यांचा?"

बाकीच्यांच्या सत्तर-ऐंशी चिठ्ठ्या होत्या. कोऱ्या चिठ्ठ्या संपत आल्या होत्या, उजेड जात होता, गठ्ठे बांधून पोचवायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "कचेरीत गेल्यावर दुरुस्त करतो." आमच्या अव्वल कारकुनांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड उघडलंच नाही. "एकूण डोकी बरोबर आहेत ना? मग बांधा." मी बांधली. पुढे तक्ते निघाले. करंजखार, पाचशे सात. मिठावर स्वतःचं पोट भरणारे पुरुष इतके इतके. बायका, एक.

त्या तक्त्यातला तो एकचा आकडा मी कितीदा काढून पाहिला असेल. पुढे अनेक जाड पुस्तकांतून जिल्ह्याची अर्थव्यवस्था सांगितली गेली. शहाडकडे धुरांडी उभी राहिली, कोलशेतला कारखाने आले, सगळं त्यात नीट लिहिलेलं आहे. मीठही आहे. ते वाफ्यातून राशीपर्यंत बहुधा आपल्या पायांनी चालत गेलं.

शाळा मात्र झाली. आधी पाटलांच्या पडवीत, मग कौलारू. पाटलांनी ती डोळ्यांनी पाहिली, पहिल्या दिवशी पागोटं घालून पोरांबरोबर बसले होते म्हणे. मी तिकडे गेलो तो थेट सहा वर्षांनी, जूनमध्ये, गुरांच्या मोजणीचं काही विचारायला. शाळेत नव्या मुलांची नावं घालणं चाललं होतं. मास्तर तरुण, देशावरचे, रजिस्टरावर मान घालून बसलेले. दाराशी फशीबाय उभी होती. केस पिकले होते, चुंबळ नव्हती. मला ओळखून ती हसली आणि आत बोट दाखवलं.

एक लहानशी पोर मास्तरांपुढे ताठ उभी होती.

"नाव?"

"सुमन."

"वडिलांचा धंदा?"

"मिठागराव असतो. न आई मीठ वाहते. आजी पन वाहते. लिवा."

"आईचं लिहायचं नसतं बाळ. रकाना नाही."

पोरगी हलेना. फशीबायने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं मी त्या नजरेची वाट पाहत होतो की तिला चुकवत होतो, सांगता येत नाही.

मी आत गेलो. "मास्तर, रकाना नसला तर समासात लिहा. मी कचेरीतला माणूस आहे, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

मास्तर मला नवखे, पण चांगले निघाले. त्यांनी टाक बुडवला, समासात लिहिलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मान वर करून साऱ्या वर्गालाच विचारलं, "बरं, तुमच्या आया काय करतात रे?"

"मीठ वाहते!" पहिल्या रांगेतून आवाज आला. मग दुसऱ्या रांगेतून. मग एकेक जण उठून सांगू लागला, आणि मास्तर आधीची पानं उलटून समास भरू लागले. मी भिंतीला टेकून उभा होतो. जन्माची खोड, माझी बोटं आपोआप चालू लागली. एक, दोन, तीन...

मागून फशीबायने माझ्या दंडावर चापट मारली. "मोजू नको रं दादा. दिष्ट लागंल."

मी मूठ मिटली. तोवर एकोणतीस झाल्या होत्या.